फिकट

कुंभकोणमला जाऊन चहा मागणे म्हणजे पंढरीला जाऊन विठोबाची चौकशी न करण्यासारखे आहे. तमिळनाडूच्या हमरस्त्यांवरील टपऱ्यांच्या पाट्यांवर या गावाचे नाव आता ‘डिग्री कॉफी’ या शब्दांना जोडूनच वाचायला मिळते. ‘डिग्री’ का, याविषयी दोन मते आहेत. दुधात पाणी नाही याची खात्री करून घेण्यासाठी दुग्धमापक बुडवून त्याची ‘डिग्री’ पाहत, आणि म्हणून निर्भेळ दुधाच्या कॉफीला हे नाव पडले, असे एक मत. कॉफीत मिसळतात त्या ‘चिकोरी’चा उच्चार लोकांच्या तोंडी घसरत घसरत ‘डिगरी’ झाला, असे दुसरे. मी भाषेची विद्यार्थिनी असल्यामुळे दुसरे मत मला मोह घालते, आणि नेमके म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायला मी कचरते.

अशा या गावी गेल्या हिवाळ्यात, तमिळ पंचांगातल्या मार्गळी महिन्यात, मी आठ दिवस राहिले आणि त्या आठ दिवसांत एका ८८ वर्षांच्या बाईंबरोबर पांढरा चहा करायला शिकले.

त्या बाईंना मी अक्का म्हणते. त्यांचे घर सारंगपाणीच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे ओसरी, मध्ये उघडा चौक, मागे विहीर. शेजारीपाजारी त्याला रायरांचे घर म्हणतात. रायर म्हणजे आपल्याकडचे राव. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर घेतले, आणि त्या राज्याच्या आश्रयाने जी मराठी घराणी कावेरीच्या खोऱ्यात रुजली, त्यांपैकी हे एक. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारले आणि राज्य खालसा झाले. माणसे मात्र जिथल्या तिथे राहिली. बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच कुंभकोणमात जन्मले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. अक्कांच्या घरात आज मराठी बोलणारे त्या एकट्याच आहेत. मुलाला कळते, नातवाला कळल्यासारखे वाटते. त्यांच्या बोलीला तमिळची चाल आहे, वाक्य संपता संपता सूर वर चढतो. पण मधूनच एखादे क्रियापद असे येते की, बखरीचे पान उलटल्याचा भास व्हावा.

अक्कांची कॉफी डॉक्टरांनी बंद केली होती. छातीत धडधड होते, पित्त उसळते, तेव्हा कॉफी नको आणि दूधही कमीच, असे त्यांनी बजावले होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला या शिक्षेची तीव्रता कळायची नाही. ७० वर्षे ज्या बाईंनी पहाटे उठून पहिल्यांदा पितळी गाळणीतल्या थेंबांचा आवाज ऐकला, त्या आता उठून काय ऐकणार? सूनबाईंनी फिल्टर माळ्यावर ठेवून दिला होता. अक्का तक्रार करीत नव्हत्या. फक्त पहाटे चारला उठून, काही न करता, चौकात बसून राहत होत्या.

नातू कुन्नूरला चहाच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याने आजीसाठी पांढऱ्या चहाचे एक पाकीट आणले. डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की सकाळी एक पेला चालेल, तोही हलका. पांढऱ्या चहात कॅफीन नसते असा एक समज आहे, तो खरा नव्हे. कोवळ्या कळीत ते चांगलेच असते. म्हणून एकच पेला. नातू पाकीट देऊन दुसऱ्या दिवशी परत गेला, आणि ते कसे करायचे हे त्याने इंग्रजीत लिहून ठेवलेला कागद माझ्या हाती आला.

पाकीट उघडले तेव्हा अक्का म्हणाल्या, “हे काय गं, वाळलेल्या चिमणीची पिसं?” उपमा चुकीची नव्हती. काळ्या चहाचे पान खुडल्यावर ते मलूल होऊ देतात, मग वळतात किंवा यंत्रात चिरडतात. त्यातला रस हवेला लागून लालसर, मग तपकिरी होतो, आणि त्या रंगातूनच आपला कडक चहा उतरतो. पांढऱ्या चहाला यांतले काहीच करीत नाहीत. न उमललेली कळी, फार तर तिच्याजवळचे एखादे कोवळे पान, खुडायचे, पातळ पसरायचे, मलूल होऊ द्यायचे आणि वाळवायचे. वळणे नाही, वाफवणे नाही. त्यामुळे कळीवरची रुपेरी लव तशीच राहते; ‘पांढरा’ हे नाव त्या लवेचे आहे, पेल्यातल्या रंगाचे नव्हे. पेल्यात उतरतो तो फिका पिवळा, जुन्या रेशमासारखा.

पहिल्या दिवशी अक्कांनी त्यांना ठाऊक होता तसा चहा केला. पाण्यात थोडे दूध घातले, साखर घातली, कळ्या टाकल्या आणि उकळी आणली. जे झाले त्याला दुधाचीच चव होती, मागे गवताचा पुसट वास. दुसऱ्या दिवशी मी कागद वाचून दूध वगळले, पण घाईने सळसळते पाणीच कळ्यांवर ओतले. पाच मिनिटांनी उकडलेल्या पालेभाजीचा दर्प आला आणि जीभ तुरट झाली. अक्का म्हणाल्या, “डॉक्टरांना सांग, मी नुसतं पाणीच पिते.”

कागदावर लिहिले होते की पाणी ७५ ते ८५ अंशांवर असावे, पेलाभर पाण्याला दोन ते तीन ग्रॅम चहा घ्यावा, चार-पाच मिनिटे झाकून ठेवावे आणि त्याच कळ्यांवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही पाणी घालावे. सोबत काचेचा एक तापमापकही होता. निलगिरीच्या माथ्यावर, उटीच्या २,२०० मीटरांहून अधिक उंचीवर, पाणी ९२-९३ अंशांनाच उकळते. कुंभकोणम समुद्रसपाटीपासून जेमतेम २५ मीटर उंच. इथले पाणी पुरते १०० अंश गाठल्याशिवाय उकळत नाही. म्हणजे डोंगरातल्या पानाला खालच्या पाण्याचा ताप सोसत नव्हता. पाणी ‘उतरवायला’ हवे होते.

ते कसे उतरवायचे, हे मला सुचण्याआधी अक्कांना सुचले. त्यांनी फळीवरून डबरा आणि टंबलर खाली घेतले. कॉफी या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतून निववायची, हे त्या हातांनी हजारो वेळा केलेले होते. उकळते पाणी टंबलरमध्ये घेतले, तिथून डबऱ्यात, पुन्हा टंबलरमध्ये. तिसऱ्या ओतणीला मी तापमापक बुडवला: ८१. दुसऱ्या दिवशी ८०. तिसऱ्या दिवशी तापमापक मी खोक्यात ठेवून दिला. पितळेला आतून कल्हई होती, ती तशी हवीच; उघड्या पितळेत असे नाजूक पेय करू नये. चहा मुरायला मात्र आम्ही चिनी मातीची बरणी घेतली आणि तिच्यावर पितळी झाकणी ठेवली.

मापाचेही तेच झाले. या कळ्या इतक्या फुगीर असतात की चमचा भरला तरी वजन भरत नाही. मी काटा शोधू लागले. अक्कांनी तीन बोटांची चिमूट घेतली, तळहातावर तोलली, आणखी थोडी घेतली. विहिरीचे पाणी जड आहे, त्यावर तवंग धरतो, हे त्यांनीच ओळखले आणि गाळलेले गोडे पाणी वापरायला सांगितले. मग आम्ही थांबलो. थांबणे हा या सगळ्यातला अवघड भाग आहे असे मला वाटले होते. पण रात्रभर ठिबकणाऱ्या डिकॉक्शनवर जिचे आयुष्य गेले, तिला पाच मिनिटांचे काय?

त्या सकाळी अक्कांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला, आणि म्हणाल्या, “फिकं आहे.” थोड्या वेळाने, मी विचारलेले नसताना, म्हणाल्या, “मागनं गोड येतं.”

हा ‘फिका’ शब्द त्यांच्या तोंडून आला आणि माझा हात थांबला. कारण त्याच शब्दाच्या एका सख्ख्या भावंडाचे ऋण मी या घरात ३५ वर्षांपूर्वी ठेवून गेले होते. ते आता सांगितले पाहिजे.

१९८७ मध्ये मी पहिल्यांदा इथे आले ती पीएच.डी.ची विद्यार्थिनी म्हणून. विषय होता तंजावरची मराठी नाटके. रोज सकाळी गाडीने ४० किलोमीटरांवरच्या तंजावरला जायचे, सरस्वती महाल ग्रंथालयात दिवसभर बसायचे आणि दिवेलागणीला परतायचे. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले आणि मराठी, तेलुगू, संस्कृत अशा भाषांत नाटके व प्रबंध रचले, रचवून घेतले. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठीतले पहिले उपलब्ध नाटक मानले जाते. विष्णुदास भावे यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले ते १८४३ मध्ये. म्हणजे मराठी रंगभूमीचा जन्म आपण जिथे मानतो त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटक उभे होते. शहाजींच्याच ‘पंचभाषाविलासा’त पात्रे पाच भाषांत बोलतात. पुढे दुसऱ्या सरफोजींनी ‘देवेंद्रकुरवंजी’ लिहून मराठी पद्यांतून जगाचा भूगोल सांगितला.

एवढे सगळे मी वाचले, टिपले, त्याचे वर्गीकरण केले, आणि शेवटच्या प्रकरणात न्याय दिला. ही नाटके ऐतिहासिक दृष्ट्या मोलाची, पण नाट्य म्हणून फिकट आहेत, असे मी लिहिले. संघर्ष नाही, व्यक्तिरेखा नाहीत, संवाद तुटपुंजे. सूत्रधार येतो, विदूषक येतो, पदे होतात, देवाचे लग्न लागते आणि मंगलारती. माझ्यासमोर किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ होते, देवलांची ‘शारदा’ होती, खाडिलकरांचे ‘कीचकवध’ होते. त्या मापाने तंजावरची नाटके फिकटच ठरणार होती. उकळी आणून, दूध-साखर घालून मी ती प्याले होते आणि कडक लागत नाहीत म्हणून नाक मुरडले होते. हे आज म्हणता येते. तेव्हा तो निष्कर्ष मला धैर्याचा वाटला होता, आणि परीक्षकांनीही त्याची तशीच वाखाणणी केली होती.

अक्कांचे यजमान, ज्यांना मी अप्पा म्हणत असे, गणिताचे निवृत्त शिक्षक होते. १९८८ च्या वैशाखात त्यांनी मला मेलट्टूरला येण्याचा आग्रह केला होता. तिथे नृसिंहजयंतीच्या सुमारास देवासमोर रात्रभर भागवतमेळ्याची नाटके होतात. “तुझी नाटकं पानावरची नव्हेत, ती अशी उभी राहायची, एकदा पाहा तरी,” असे ते म्हणाले होते. ती नाटके तेलुगूत असतात, माझा विषय मराठी आहे, शिवाय परतीचे तिकीट काढलेले आहे, असे म्हणून मी गेले नाही.

१९९१ मध्ये प्रबंध पुस्तकरूपाने निघाला आणि मी एक प्रत कुंभकोणमला पाठवली. अप्पांना हिंदीच्या परीक्षांमुळे देवनागरी येत होती. छापील मराठी ते अक्षर लावून वाचत. दोन महिन्यांनी त्यांचे पोस्टकार्ड आले. भाषा मराठी, लिपी तमिळ. त्या घरात सगळा पत्रव्यवहार आणि हिशेब असाच चाले. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चारही वर्णांना एकच अक्षर आहे. ‘बाप’ आणि ‘पाप’ एकसारखेच लिहिले जातात, संदर्भाने ओळखायचे. अप्पांनी चार ओळी कुशलाच्या लिहिल्या होत्या आणि शेवटी एक प्रश्न विचारला होता. तो मी असा वाचला: आमची नाटके बिकट का?

मी उत्तर लिहिले. चांगले दोन पानांचे. जुनी मराठी, तेलुगू पदरचना, लेखकूंच्या चुका, यांमुळे ही नाटके आजच्या वाचकाला बिकट का वाटतात, ते सविस्तर समजावून दिले. पत्र पेटीत टाकून घरी येताना, जिना चढताना, मला कळले की तो शब्द ‘बिकट’ नव्हता.

जिन्यावर कळले, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले आहे. लिहिताना कळत होते की नव्हते, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. दोन वाचने शक्य होती आणि मी सोयीचे वाचन निवडले, एवढे खरे. पाठचिकित्सेचा पहिला धडा असा की, अवघड पाठ आधी विचारात घ्यावा. विद्यार्थ्यांना तो मी ३० वर्षे शिकवला. अप्पांचे पुन्हा पत्र आले ते दिवाळीच्या शुभेच्छांचे. प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही, मी दुरुस्ती केली नाही, आणि १९९८ मध्ये ते गेले.

पांढऱ्या चहाचा सर्वांत प्रसिद्ध चाहता एक सम्राट होता. चीनचा हुईझोंग, त्याने १२ व्या शतकाच्या आरंभी चहावर ग्रंथ लिहिला आणि त्यात पांढऱ्या चहाला सर्वश्रेष्ठ म्हटले. त्याचा चहा आजच्यासारखा नव्हता. फिकट पानांच्या काही दुर्मीळ झाडांचा तो चहा दाबून वडी केलेला आणि कुटून घुसळलेला असे. हा राजा चित्रकार होता, सुलेखनकार होता, संग्राहक होता. ११२७ मध्ये उत्तरेच्या आक्रमकांनी त्याला कैद करून नेले आणि तो कैदेतच वारला. इतिहासाने त्याला दुबळा ठरवले. हे वाचताना मला सरफोजी आठवतात. १७९९ च्या तहानंतर त्यांच्या हाती किल्ला आणि भोवतालचा मुलूख एवढेच उरले. राज्य गेलेल्या त्या राजाने ग्रंथ जमवले, बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला, मुदपाकखान्यातल्या पाककृतीसुद्धा लिहवून घेतल्या. ते १८३२ मध्ये वारले. निलगिरीत चहाच्या लागवडीचे पहिले प्रयोग त्यानंतर थोड्याच वर्षांनी झाले. सरफोजींनाही आपण फिकट राजा म्हणत आलो आहोत. ज्याच्या हातात तलवार नाही, तो फिकट. ज्या नाटकात संघर्ष नाही, ते फिकट. रसाची चर्चा करताना आपल्या आचार्यांनी पानकाचा, अनेक द्रव्यांच्या एकजीव पेयाचा, दृष्टान्त दिला. आस्वाद हा शब्द समीक्षेत आम्ही तिथूनच घेतला आणि मग जिभेचे नाव काढणे सोडून दिले.

मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. फिके आहे म्हणून ते सूक्ष्मच असते, असे नव्हे. फिका चहा हा पुष्कळदा नुसता फिका चहाच असतो. शिळ्या कळ्यांचा, किंवा हात आखडता घेऊन केलेला. तंजावरच्या सगळ्याच नाटकांत काही दडलेले आहे, असे मी आता म्हणू लागले तर ती पहिल्या चुकीची भरपाई नव्हे, दुसरी चूक होईल. माझा अपराध निष्कर्षाचा नव्हता, तो पाण्याच्या तापाचा होता. जे गायचे, नाचायचे आणि रात्रभर मुरायचे, ते मी छापील पानावर पाच मिनिटांत उकळले. मेलट्टूरला मी पुढे २००९ मध्ये गेले. पहाटेपर्यंत बसले. एक पद तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यात पहिल्या दोन वेळी नसलेले काही होते. ते काय, हे तेव्हा मला सांगता आले नाही. बरोबर सांगणारे कोणी नव्हते.

शेवटच्या दिवशी, त्याच कळ्यांवर तिसऱ्यांदा पाणी घालून आम्ही चौकात बसलो असताना, मी अक्कांना पोस्टकार्डाची हकीकत सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“ह्यांना कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुझं पत्र मला वाचून दाखवलं. म्हणाले, पोरगीनं भलताच शब्द वाचला. मी म्हटलं, मग परत लिहा. तर म्हणाले, नको. ती चांगली दोन पानं लिहून बसली आहे, कशाला लाजवायचं?”

“रागावले नाहीत?”

“वाईट वाटलं,” अक्का म्हणाल्या. “रागावले नाहीत.” मग माझ्या पेल्यात डोकावून त्या म्हणाल्या, “पी. निवल्यावर काही राहत नाही त्यात.”

मी प्याले. तिसऱ्या पाण्यात रंग जवळजवळ उरला नव्हता, चव होती. अप्पांच्या प्रश्नाचे उत्तर मी आता लिहिते आहे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर ते तिच्या शेवटच्या प्रकरणात येईल, न निघाली तर वहीत राहील. ते तमिळ लिपीत लिहून अक्कांना पाठवायचे, असे मी ठरवले आहे. प आणि फ यांत त्यांचा घोटाळा होणार नाही याची मला खात्री आहे. घोटाळा त्या घराकडून कधी झालाच नव्हता.

निघताना स्टेशनावर पोचवायला आलेल्या त्यांच्या मुलाने विचारले की आईला तो चहा आवडला का. मी म्हणाले, आवडला. तो हसला. “सकाळी मला म्हणाली, पाहुणी जाते आहे, फिल्टर खाली काढ, तिला जाण्यापूर्वी नीट कॉफी तरी मिळू दे.” ती मला मिळाली होती, साय न धरलेली, फेसाळ, पितळी टंबलरमध्ये. अक्का समोर बसून नुसता वास घेत होत्या.